'पार्लेंट' असं फ्रेंचमध्ये कुणी बोलत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पानावर मागच्या आठवड्यात परदेशी भाषांबद्दलचा मजकूर आला होता, त्यात फ्रेंच क्रियापदाचं एक टेबल देवनागरीत छापलं होतं, 'बोलणे' या अर्थाचं क्रियापद, आणि रूपं अशी दिली होती, ज पार्ले, तू पार्लेस, इल पार्ले, नू पार्लोन्स, वू पार्लेज, इल्स पार्लेंट. खाली चौकटीत सल्ला, की रोज असं एक टेबल दहा वेळा लिहून काढा आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडं क्लासला येणाऱ्या तीन पोरांच्या वहीत ते कात्रण चिकटवलेलं दिसलं, एकाचं तर पाच वेळा लिहून पण झालं होतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण विषय असा आहे की दोन ओळीत सांगून भागत नाही.

आधी चूक काय ती सांगते. 'पार्लेंट' असं कुणी बोलत नाही. पॅरिसमध्ये नाही, लियोंमध्ये नाही, आपल्या पुदुच्चेरीत पण नाही. लिहितात, पी-ए-आर-एल-ई-एन-टी अशी सात अक्षरं लिहितात, पण तोंडातून निघतो फक्त 'पार्ल्', एका दमात, एकच सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात निघणारा आवाजाचा तुकडा. शेवटचं ई-एन-टी ही 'ते सगळे' याची कागदावरची खूण आहे, तिला आवाज नाही. तसंच 'तू'च्या रूपातल्या शेवटच्या एसला आवाज नाही, 'मी'च्या रूपातल्या शेवटच्या ईला आवाज नाही. म्हणजे खरं टेबल कानाला असं ऐकू येतं, पार्ल्, पार्ल्, पार्ल्, पार्लों, पार्ले, पार्ल्. छापलेल्या सहाच्या सहा ओळी चुकल्यात. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, इंग्रजी वाचायच्या सवयीनं अक्षर बघून आवाज लिहिला गेला असणार, पण आपला पेपर घरोघरी जातो आणि पेपरात आलं म्हणजे बरोबरच असणार असं पोरंच काय, पालकही धरून चालतात.

मी १४ वर्षं रंकाळ्याच्या बाजूला घरीच फ्रेंचच्या ट्यूशन घेते. आठवी ते बारावीची पोरं येतात, अधूनमधून कॅनडाला जायचं म्हणून एखादा इंजिनियरही येतो. आणि १४ वर्षं मी एकच गोष्ट बघत आलेय, की क्रियापद आलं की पोरं डोळ्यानं पाठ करायला लागतात, कान बंद. वहीत रूपं बिनचूक आणि तोंड उघडलं की 'पार्लेंट'. याचं मूळ टेबल दहादा लिहिण्यातच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण लिहिताना पोरगं मनातल्या मनात जे म्हणतं ते चुकीचंच म्हणतं, आणि दहा वेळा म्हणतं.

माझ्याकडं पहिले तीन आठवडे क्रियापद लिहायचंच नाही असा नियम आहे. हनुवटीखाली पालथा हात धरायचा आणि रूप म्हणायचं, हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल तितके सिलॅबल. परवाच नववीतली एक मुलगी असा हात धरून बसलेली, मी म्हटलं म्हण, इल् पार्ल्, 'ते बोलतात'. तिनं म्हटलं आणि थांबली, हात तसाच. म्हणाली, मॅडम हे तर 'तो बोलतो' सारखंच झालं. म्हटलं हो, कानाला सारखंच, आता 'आम्ही बोलतो' म्हण. पार्-लों, हनुवटी दोनदा टेकली. 'तुम्ही बोलता', वू पार्-ले, दोनदा. मग तिनं स्वतःच वहीच्या कोपऱ्यात आकडे मांडले, १ १ १ २ २ १, आणि म्हणाली म्हणजे लक्षात ठेवायचं तीनच ना, पार्ल्, पार्लों, पार्ले. तीनच. फ्रेंचमधली सुमारे ९० टक्के क्रियापदं याच, मूळ शब्द ई-आर वर संपणाऱ्या, पहिल्या गटातली आहेत, त्यामुळं त्या कोपऱ्यातल्या आकड्यात पोरीनं निम्म्याहून जास्त वर्तमानकाळ एका मिनिटात उरकला. आणि बोलताना फ्रेंच लोक 'नू'च्या, म्हणजे 'आम्ही'च्या, जागी सर्रास 'ओं' वापरतात, त्याचं रूप 'तो'सारखंच, मग तर तीनची दोनच होतात.

याच्या उलटही आहे. पार्ले हा एकच आवाज घ्या. तो 'बोलणे' असा मूळ शब्दही असतो, 'तुम्ही बोलता'ही असतो, 'बोललेलं'ही असतो, आणि त्यातल्या 'बोललेलं'चं परत पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, एकवचन, अनेकवचन, सगळं धरून सहा स्पेलिंग आणि आवाज एक. फ्रान्समधली पोरं श्रुतलेखनात रडतात ती यावरच. पण ती पोरं बोलायला आधीच शिकलेली असतात हो, त्यांचा घोळ फक्त लिहिण्याचा. आपण आपल्या पोरांना आधी लिहिण्याच्या घोळात ढकलतो आणि मग बोलायला सांगतो.

आता कुणी म्हणेल की लिहायचं एक आणि बोलायचं एक ही फ्रेंचांची खोड, आपल्याला कशी कळणार. तर माझं म्हणणं असं की मराठी माणसाला ती इतर कुणाहीपेक्षा लवकर कळते, कारण आपण दिवसभर हेच करतो. 'करतो' लिहिताना क, र, तो अशी तीन अक्षरं, म्हणताना कर्-तो, हनुवटी दोनदाच टेकते. 'बसतात' लिहायला चार अक्षरं, म्हणायला बस्-तात. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, र आणि स मधला अ कुठं जातो हे कुठल्या पुस्तकात वाचून आपण बोलत नाही. याहून बारीक गंमत बघा, 'समजतो' म्हणून बघा आणि लगेच 'समजेल' म्हणा. स-मज्-तो, सम्-जेल. धातू तोच, समज, पण पुढं 'तो' आला तर म मधला अ जिवंत राहतो, पुढं 'एल' आला तर तोच अ मरतो. उमगतो आणि उमगेल तसंच. प्रत्ययाचं पहिलं अक्षर काय आहे यावर धातूच्या पोटातला स्वर राहणार का जाणार हे ठरतं, आणि आपली चार वर्षांची पोरं हे न चुकता करतात.

नेमकं हेच फ्रेंचमध्ये 'विकत घेणे'च्या क्रियापदात होतं. मूळ शब्द अ-श-ते, मधला स्वर अगदी अर्धा, भरभर बोलताना तर आश्-ते एवढंच उरतं. पण 'मी विकत घेतो' म्हणायचं झालं की शेवटचा आवाज गळतो आणि त हा व्यंजन मागच्या स्वराला येऊन चिकटतो, सिलॅबल बंद होतो, आणि बंद सिलॅबलमध्ये फ्रेंचला तो अर्धा स्वर चालत नाही, मग तो पूर्ण ए होतो, जा-शेत्. इथं एक फरक, आपण 'समजतो', 'समजेल' दोन्हीकडं सारखंच लिहितो, फ्रेंच लिपी मात्र ईवर डावीकडून उजवीकडं उतरणारी तिरकी रेघ काढून तो बदल दाखवते. पोरांना ही रेघ म्हणजे डोकेदुखी वाटते, कुठल्या रूपात आहे आणि कुठल्या नाही हे ती पाठ करत बसतात. पाठ करायचं काहीच नाही, रूप मोठ्यानं म्हणा, त्या ईचा सिलॅबल व्यंजनावर बंद झाला तर रेघ, नाही झाला तर नाही. पहिल्याच दिवशी सगळे शिकतात ते 'ज मापेल्', माझं नाव अमुक, त्यात एल दोन का आणि 'नू झाप्लों' म्हणताना एकच का, याचंही उत्तर हेच, फक्त तिथं रेघेऐवजी एल डबल करून दाखवतात.

ही गोष्ट इतकी खरी आहे की फ्रेंचांना स्वतःला स्पेलिंग दुरुस्त करावं लागलं. 'सेदे' म्हणजे नमतं घेणे, त्याचा भविष्यकाळ पूर्वी पहिल्या ईवर उजवीकडून येणारी रेघ काढून लिहायचे, जणू तो सिलॅबल उघडा आहे आणि पुढचा ई अजून बोलतात. पण बोलण्यातून तो ई केव्हाच गेला होता, 'ज सेद्-रे' असे दोनच सिलॅबल उरले होते आणि पहिला बंद. शेवटी ६ डिसेंबर १९९० ला त्यांच्या सरकारी राजपत्रात स्पेलिंगच्या सुधारणा छापून आल्या, त्यात अशा क्रियापदांना भविष्यकाळात दुसरी रेघ द्यायला मुभा मिळाली. आज दोन्ही स्पेलिंग बरोबर धरतात. कागदानं कानाचं ऐकलं, पण किती वर्षांनी.

आणि हा अर्धा ई जातो तो पण कुठंही जात नाही. 'आम्ही देऊ' म्हणताना दोन्-रों, ई गेला. 'आम्ही बोलू' म्हणताना पार्-ल-रों, ई राहिला. का, तर तो गेला असता तर र, ल, र अशी तीन व्यंजनं एका रांगेत आली असती आणि जीभ अडली असती. मॉरिस ग्रामों नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञानं याला तीन व्यंजनांचा नियम असं नावच दिलं होतं. दक्षिणेला, मार्सेय, तुलूजकडं गेलात तर तिथली माणसं हे ई बरेचसे बोलतात, 'पार्ल'चा शेवटही ऐकू येतो, म्हणजे जसं पुण्याचा माणूस आणि आपला कागलचा माणूस एकच वाक्य वेगवेगळ्या ठेक्यात म्हणतो तसं. फ्रेंच शाळेतही म्हणूनच बोलण्याचे सिलॅबल आणि लिहिण्याचे सिलॅबल असे दोन वेगळे मोजायला शिकवतात, 'पार्ल' हा शब्द लिहिण्यात दोन आणि बोलण्यात एक. हा साधा भेद आपल्या एकाही गाइडात मला आजवर दिसला नाही.

तुमच्या टेबलात शेवटचा शब्द कॉलमच्या कडेला आल्यामुळं 'पार्-' एका ओळीत आणि 'लेंट' खालच्या ओळीत असा तुटला होता. तुटायची जागा सापडली ती बरोबर, दोन व्यंजनांच्या मध्ये, फ्रेंच छपाईतही तिथंच तोडतात. एकटं व्यंजन असलं की ते पुढच्या स्वराबरोबर जातं, फि-नि, 'संपवणे'. दोन असली की मध्ये तोडायचं. पण प, ब, क, ग अशा व्यंजनापुढं ल किंवा र आला तर ती जोडी फोडायची नाही, म्हणून 'विसरणे' हे ऊ-ब्लि-ये, ऊब्-लि-ये नाही. आपण 'प्र'ला 'प्' आणि 'र' करून दोन ओळीत टाकत नाही, तसंच. पण ज्याला आवाजच नाही ते 'लेंट' स्वतंत्र तुकडा म्हणून खाली आलं आणि वाचणाऱ्याला वाटलं हा वेगळा म्हणायचा आहे.

या ब्लि वरून आठवलं. 'आम्ही बोलत होतो' हे पार्-ल्यों, दोन सिलॅबल. 'आम्ही विसरतो' हे मात्र ऊ-ब्लि-यों, तीन. शेवटी इ आणि ओं दोन्हीकडं आहे, पण 'ब्ल'सारखी जोडी आधी आली की इ ला पळता येत नाही, त्याला पूर्ण सिलॅबल व्हावं लागतं. 'आम्ही आत जात होतो', आँ-त्रि-यों, तिथंही तसंच. कुणी विचारलं तर मी हेच सांगते की व्यंजनांची गर्दी बघ, इ किती लांब हे आपोआप कळेल.

अनेकवचनाचं काय मग, 'तो' आणि 'ते' कानाला सारखेच तर माणसं समजतात कशी, हा प्रश्न प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच. उत्तर दोन ठिकाणी आहे. एक, 'तो'च्या शेपटीत. क्रियापद स्वरानं सुरू झालं की 'इल्'चा ल पुढच्या शब्दात घुसतो, 'तो येतो' हे इ-ला-रीव् असं ऐकू येतं, ला हा नवा सिलॅबल, अर्धा एका शब्दाचा आणि अर्धा दुसऱ्याचा. अनेकवचनात 'इल्स'चा एरवी मुका असलेला एस जागा होतो आणि आपल्या 'माझा'मधल्या झ च्या जवळचा आवाज देतो, इल्-झा-रीव्. बस, तेवढ्या झ वर एक का अनेक हे ठरतं. तुमच्या टेबलात 'इल्स' छापून एस सगळीकडंच बोलायला लावलाय, मग हा फरक कुठून कळणार.

दुसरं ठिकाण धातूच्या शेवटात, आणि हे मला सगळ्यात आवडतं. 'निघणे'चं क्रियापद घ्या. तो निघतो, पार्. ते निघतात, पार्त्. 'झोपणे', दोर् आणि दोर्म्. 'जगणे', वि आणि वीव्. 'संपवणे', फिनि आणि फिनिस्. अनेकवचनाचं रूप आधी शिका आणि शेवटचं व्यंजन काढून टाका, एकवचन हातात येतं. गाइडं उलटं शिकवतात, एकवचन आधी आणि मग अनेकवचनाचं व्यंजन कुठून उगवलं म्हणून पाठ करा. ते उगवलेलं नाही, ते धातूचंच आहे, एकवचनात सिलॅबलच्या टोकाला उघडं पडलं म्हणून झडलं. त, म, व, स आठवायची गरज नाही, ऐकलेलं अनेकवचन आठवा. ज्याला नियमच नाही अशी आहेत, 'असणे', 'जवळ असणे', 'जाणे', 'करणे', ती पाठच करायची, त्याला इलाज नाही. त्यातही 'वू'च्या रूपाला शेवटी ई-झेड येत नाही अशी वर्तमानकाळात तीनच मूळ क्रियापदं, असणे, करणे आणि सांगणे, एत्, फेत्, दीत्. तीन नावं पाठ करायला कुणाची हरकत नसावी.

आणि ज्या 'पार्ले'वरून हे सगळं सुरू झालं त्याचीच जुनी गोष्ट सांगते. आज ते अगदी सरळ क्रियापद आहे पण जुन्या फ्रेंचमध्ये ते दोन धातूंवर चालायचं, 'ते बोलतात' याला पारोल् धातू आणि 'आम्ही बोलतो' याला पार्ल्. लॅटिनमध्ये जोर कुठं पडायचा त्यावर ते ठरायचं, जोर धातूवर असला की मधला स्वर टिकला, जोर प्रत्ययावर गेला की मधला स्वर गळाला. समजतो, समजेलच परत. पुढं लोकांनी सगळीकडं पार्ल् करून टाकलं. पण काही क्रियापदांत ती जुनी जोडी आजही जिवंत आहे, 'पिणे' घ्या, ज ब्वा पण नू ब्यूवों, 'येणे', ज व्यँ पण नू वनों. टेबलात एकवचनाची तिन्ही आणि 'ते'चं रूप अशी चार घरं पेन्सिलीनं जोडली की बुटासारखा आकार होतो, माझी पोरं त्याला चप्पल म्हणतात. चप्पलच्या आत एक धातू, बाहेर दुसरा.

भविष्यकाळावर आल्याशिवाय राहवत नाही कारण तिथं तर आपलं कोल्हापूरच आहे. फ्रेंच भविष्यकाळाचे प्रत्यय एकेक करून म्हणा, ए, आ, आ, ओं, ए, ओं, आणि त्यांच्या 'जवळ असणे' या क्रियापदाचा वर्तमानकाळ म्हणा, ए, आ, आ, आवों, आवे, ओं. तेच आहेत. लॅटिनमध्ये लोक 'गायचं माझ्याकडं आहे' अशा अर्थाचे दोन शब्द म्हणायचे, बोलताबोलता दोन्ही चिकटले आणि त्याचा एक शब्द झाला. ८४२ साली स्त्रासबुर्गला दोन राजांनी एकमेकांना साथ द्यायच्या शपथा घेतल्या, फ्रेंचचा सगळ्यात जुना लेख म्हणून त्या धरतात, त्यात 'सालवाराइ', म्हणजे मी सांभाळीन, हे चिकटून तयार झालेलं रूप आहे. आता आपल्या गल्लीत कान द्या. 'जेवला आहेस काय'चं 'जेवलाईस काय' झालंय, 'करायला लागला आहेस'चं 'करायलाईस' झालंय. आहेस हा अख्खा शब्द ईस एवढा होऊन क्रियापदाच्या पोटात गेला. पुण्यामुंबईची माणसं याला अशुद्ध म्हणतात, मला ते कधीच पटलं नाही, फ्रेंचांनी हेच केलं आणि त्याला व्याकरणात भविष्यकाळ म्हणून मानाची जागा मिळाली. मी वर्गात आधी 'काय करायलाईस' फळ्यावर लिहिते, पोरांकडून त्याचे तुकडे पाडून घेते, मगच फ्रेंच भविष्यकाळ काढते. एकदा तुकडे दिसले की परत विचारावं लागत नाही.

एवढं मात्र सांगायला हवं की अर्थाचे तुकडे आणि आवाजाचे तुकडे एकाच जागी पडत नाहीत. 'आम्ही बोललो असतो' याला फ्रेंचमध्ये एकच शब्द पुरतो. अर्थानं फोडला तर पार्ल् हा धातू, अर हा भविष्याचा, इ हा भूतकाळाचा, ओं हा 'आम्ही'चा. आवाजानं फोडला तर पार्-ल-र्यों. धातूचा ल धातूला सोडून दुसऱ्या सिलॅबलला जाऊन बसला. आपलं 'बसवतो' बघा, अर्थानं बस, व, तो, आणि आवाजानं ब-सव्-तो, स आपल्या ब ला सोडून व कडं गेला. पोरं इथं गोंधळतात तेव्हा मी दोन रंगाचे खडू वापरते, पिवळा अर्थाचा, पांढरा आवाजाचा, आणि एकाच शब्दावर दोन्ही रेघा मारते. हे दोन खडू वेगळे आहेत एवढं कळलं तरी वर्ष सत्कारणी लागलं असं मी समजते.

लिंगाबद्दलही एक. घरात मी 'आलो, गेलो, जेवलो' म्हणते, आमच्याकडच्या बायका तसंच बोलतात, आणि पत्रात 'आले, गेले' लिहितेय. फ्रेंच बाई 'मी आले' लिहिताना शेवटी एक ई जास्त घालते, पण बोलताना ज स्वी वन्यू, पुरुष म्हणेल तेच. कानाला बाई आणि पुरुष सारखे, कागदावर वेगळे. आमच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात आणि म्हणतात मग फ्रेंच कोल्हापूरचीच म्हणायची. पण तो ई लिहायला त्या नंतर विसरत नाहीत.

मी हे सगळं इतक्या कळकळीनं लिहितेय कारण माझं स्वतःचं नुकसान यात झालंय. पहिल्या तोंडी परीक्षेला मी गेले तेव्हा सगळी टेबलं तोंडपाठ होती, दोन वह्या भरलेल्या. समोर उतारा दिला, त्यात कोंबड्या अंडी उबवतात असं वाक्य होतं, क्रियापदाचं स्पेलिंग सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी. मी वाचलं 'कुवाँ'. समोरच्या बाई थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, कोंबड्या मठ कशा होतील. कारण तेच स्पेलिंग नाम म्हणून आलं तर कुवाँ, म्हणजे मठ, आणि क्रियापद म्हणून आलं तर नुसतं कूव्. प्रेझिदाँ म्हणजे अध्यक्ष आणि तसंच लिहून इल् प्रेझिद् म्हणजे ते अध्यक्षस्थानी बसतात. शब्द नाम आहे का क्रियापद हे ओळखल्याशिवाय फ्रेंचमध्ये ई-एन-टी वाचताच येत नाही, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं, दोन वह्या भरून कळलं नव्हतं. परत येताना बसमध्ये सांगलीपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. माझ्या कुठल्याच पोराला त्या खुर्चीत तसं बसावं लागू नये एवढंच मला वाटतं.

पालकांना वाटतं फ्रेंच म्हणजे मार्कांचा विषय, घोकला की झालं. मार्क मिळतातही, लेखी पेपरात 'पार्लेंट' म्हणता का 'पार्ल्' म्हणता कुणाला कळतंय. पण तीच पोरं पुढं मॉन्ट्रियलला किंवा पॅरिसला शिकायला जातात आणि समोरच्यानं साधं 'इल्झारीव्' म्हटलं तर त्यांना तो एक कुठला तरी नवीन शब्द वाटतो, कारण तीन तुकडे त्यांनी कधी कानानं जोडलेलेच नसतात. गेल्या वर्षी कॅनडाला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं रात्री फोन करून मला हेच सांगितलं, की मॅडम लिहिलेलं सगळं कळतंय, बोललेलं काहीच कळत नाही. तो माझ्याकडं शेवटचे फक्त चार महिने आला होता, आधीची तीन वर्षं टेबलं लिहिण्यात गेली होती.

आपल्या पानावर फ्रेंच छापणं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, उलट जास्त छापा. पण देवनागरीत लिहिताना आवाज लिहा, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजनावर थांबायचं असेल तर पाय मोडायला विसरू नका. इंग्रजीकडं ही सोय नाही, आपल्या लिपीत फुकट आहे, एक छोटी रेघ खाली मारली की 'पार्ल' आणि 'पार्ल्' वेगळे दिसतात. सिलॅबल जिथं तुटतो तिथं बारीक आडवी रेघ द्या, बाकी पोरं स्वतः म्हणून बघतील.

ते टेबल परत छापणार असाल तर या रूपात छापावं ही विनंती. ज पार्ल्, त्यू पार्ल्, इल् पार्ल्, नू पार्-लों, वू पार्-ले, इल् पार्ल्. आणि शेजारी स्वरानं सुरू होणारं 'प्रेम करणे'चं, जेम्, त्यू एम्, इ-लेम्, नू-झे-मों, वू-झे-मे, इल्-झेम्. यातला पहिला शब्द 'जेम्' एवढाच एक सिलॅबल आहे, तिथं 'ज'चा स्वर गळून 'ज' क्रियापदाला चिकटलाय, त्यामुळं तो कॉलमच्या कडेला आला तर कृपया मध्ये तोडू नये.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक फ्रेंच शिक्षिका, रंकाळा परिसर, कोल्हापूर